व्हिडिओ चालत नाही, म्हणून कोडेक शोधताय?



आजचा प्रश्न घरोघरचा आहे. कोणीतरी पाठवलेली व्हिडिओची फाइल उघडली. पडदा काळाच राहिला, किंवा चित्र दिसलं पण आवाज आला नाही. संगणक म्हणाला, 'कोडेक सापडला नाही'. मग आपण काय करतो? 'कोडेक फ्री डाउनलोड' असं शोधतो, पहिला दुवा उघडतो आणि मोठं हिरवं बटण दाबतो. त्या बटणाबरोबर काय काय घरात येऊ शकतं आणि त्याऐवजी काय करावं, हे आज सावकाश बघू.

मी भिलाईतून बोलतोय. स्टील प्लांट उभा राहिला तेव्हापासून, म्हणजे १९५०च्या दशकापासून, विदर्भातून आणि महाराष्ट्राच्या इतर भागांतून आलेली मराठी कुटुंबं इथे आहेत. थिएटरात मराठी सिनेमा क्वचित लागतो. त्यामुळे नाटकाचं चित्रीकरण, भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ, जुन्या व्हीसीडीवरून उतरवलेलं कीर्तन, असं सगळं नागपूर-पुण्याहून पेन ड्राइव्हवर येतं. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबादच्या मराठी घरांत यापेक्षा फार वेगळं नसावं. ज्या संगणकावर हे नाटक बघायचं असतं, त्याच संगणकावर पेन्शनचं खातं उघडलं जातं, वीजबिल भरलं जातं, मुदतठेवीचं व्याज तपासलं जातं. म्हणून हा विषय फक्त करमणुकीचा नाही.

कोडेक म्हणजे नक्की काय?

आधी थोडा हिशेब करू. फुल एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट धरले आणि सेकंदाला २५ चित्रं धरली, तर एका सेकंदाला सुमारे १५५ मेगाबाइट होतात. एका तासाचे झाले सुमारे ५६० गिगाबाइट. अडीच तासांचं नाटक असं जसंच्या तसं साठवायचं तर १,४०० गिगाबाइट लागतील. पण आपल्याकडे येणारी फाइल असते दोन-तीन गिगाबाइटची. बाकीचं गेलं कुठे?

ते दाबून बसवलेलं असतं. नाटकात मागचा सेट हलत नाही, फक्त पात्रं हलतात. मग प्रत्येक चित्र पूर्ण कशाला साठवायचं? मागच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच लिहून ठेवायचं, आणि डोळ्याला न जाणवणारे बारकावे सोडून द्यायचे. असं दाबणारा आणि बघताना पुन्हा उलगडणारा जो नियमसंच असतो, तो म्हणजे कोडेक. एमपीईजी-२, एच.२६४, एच.२६५ म्हणजेच एचईव्हीसी, व्हीपी९, एव्ही१ ही कोडेकची नावं. आवाजाचे कोडेक वेगळे असतात: एमपी३, एएसी, एसी३, डीटीएस.

एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय ही मात्र कोडेकची नावं नव्हेत. ते डबे आहेत. डबा तोच असला तरी आतला पदार्थ वेगळा असू शकतो. म्हणूनच दोन एमपी४ फायलींपैकी एक टीव्हीवर चालते आणि दुसरी चालत नाही. आणि म्हणूनच फाइलचं नाव बदलून 'डॉट एमकेव्ही'चं 'डॉट एमपी४' केलं तरी काही फरक पडत नाही. डब्यावरचं लेबल बदललं, आतली भाजी तीच राहिली.

मग संगणकात सगळे कोडेक आधीच का नसतात?

कारण पैसे. यातल्या बऱ्याच कोडेकवर पेटंट आहेत, आणि विकणाऱ्या कंपनीला प्रत्येक प्रतीमागे शुल्क भरावं लागतं. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने त्यातून डीव्हीडी चालवण्याची सोय काढून टाकली. एच.२६५ साठी विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये वेगळं एक्स्टेन्शन आहे, अमेरिकेत त्याची किंमत ०.९९ डॉलर. दुसऱ्या बाजूला, आयफोन २०१७ पासून एच.२६५ मध्ये चित्रीकरण करू लागले. म्हणजे भाच्याने फोनवर काढलेला व्हिडिओ काकांच्या संगणकावर न चालणं यात दोघांचाही दोष नाही. मधे एक रिकामी जागा आहे. आणि त्या रिकाम्या जागेत चोरांनी दुकान थाटलं.

त्या दुकानाचा इतिहास

२००५च्या अखेरीस 'झ्लोब' नावाचा ट्रोजन दिसू लागला. ट्रोजन म्हणजे उपयोगाची वस्तू असल्याचं सोंग घेऊन आत शिरणारा प्रोग्रॅम. झ्लोबचं सोंग होतं व्हिडिओ कोडेकचं. एखाद्या वेबसाइटवर व्हिडिओवर क्लिक केलं की पाटी येई: हा व्हिडिओ बघण्यासाठी अमुक कोडेक बसवा. माणूस बसवत असे. मग खोट्या इशाऱ्यांचा भडिमार सुरू होई, तुमचा संगणक बिघडलाय, आमचं औषध विकत घ्या.

याच वाटेने 'डीएनएस-चेंजर' आला. तो काय करतो ते समजून घ्या. आपण बँकेचं नाव टाइप करतो तेव्हा संगणक आधी एका पत्त्यांच्या वहीत ते नाव शोधतो आणि खरा पत्ता मिळवतो. त्या वहीला डीएनएस म्हणतात. डीएनएस-चेंजर वहीच बदलत असे. तुम्ही नाव बरोबर टाइप करा, तुम्हाला कुठे न्यायचं ते चोर ठरवणार. एस्टोनियातल्या रोव्ह डिजिटल या कंपनीच्या टोळीने २००७ ते २०११ या काळात १०० पेक्षा जास्त देशांतले सुमारे ४० लाख संगणक असे ताब्यात घेतले आणि जाहिरातींच्या फसवणुकीतून किमान १ कोटी ४० लाख डॉलर कमावले. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने एस्टोनियाच्या पोलिसांबरोबर ही टोळी पकडली. तिचा म्होरक्या व्लादिमीर त्सास्त्सिन याला २०१६ मध्ये ७ वर्षं ३ महिन्यांची शिक्षा झाली.

पण टोळी पकडल्यावरही एक अडचण उरली. चोरांचे सर्व्हर एकदम बंद केले असते तर लाखो लोकांचं इंटरनेटच बंद पडलं असतं, कारण त्यांच्या संगणकांना दुसरी वही माहीतच नव्हती. म्हणून न्यायालयाच्या परवानगीने तिथे स्वच्छ सर्व्हर बसवले गेले, आणि ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालवले. त्या आठवड्यातसुद्धा भारतातले २० हजारांवर संगणक अजून त्याच जुन्या पत्त्यावर विचारणा करत होते. आणि मॅकवाल्यांनी निर्धास्त राहू नये. त्यांच्यासाठीही २००७ मध्येच खोट्या क्विकटाइम कोडेकच्या वेषात अशीच वस्तू आली होती.

खरा माल, पण गुंडाळी दुसऱ्याची

दुसरा प्रकार जरा सभ्य दिसतो. प्रोग्रॅम खरा असतो, पण ज्या वेबसाइटवरून घेता ती त्याभोवती स्वतःची गुंडाळी करते. 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत गेलात की खऱ्या प्रोग्रॅमबरोबर ब्राउझरची पट्टी, शोधाचं पान बदलणारं काहीतरी आणि संगणक 'साफ' करणारं काहीतरी असं मागून येतं. २०११ मध्ये एन-मॅप या प्रोग्रॅमचा कर्ता गॉर्डन लायन याने डाउनलोड डॉट कॉमवर हाच जाहीर आरोप केला. २०१५ मध्ये सोर्सफोर्ज या नावाजलेल्या जागी गिंप या चित्रांच्या प्रोग्रॅमबाबत हेच झालं आणि मोठा गदारोळ झाला. सोर्सफोर्जचे मालक बदलल्यावर २०१६ मध्ये ती पद्धत बंद झाली. गोष्ट जुनी झाली, पण तशी गुंडाळी करणाऱ्या लहानसहान साइट आजही आहेत, आणि 'कोडेक' शोधलं की त्या वर दिसतात.

आमच्या इथले एक निवृत्त गृहस्थ संगणक घेऊन माझ्याकडे आले होते. नाटकाची एमकेव्ही फाइल होती, चित्र दिसायचं पण आवाज नव्हता. त्यांनी शोधून एक 'कोडेक पॅक' बसवला. आवाज आलाच नाही. ब्राउझरचं पहिलं पान मात्र बदललं, आणि दर दहा मिनिटांनी एक खिडकी येऊन '४८७ चुका सापडल्या, दुरुस्तीसाठी पैसे भरा' असं म्हणू लागली. फाइलमधला आवाज ईएसी३ प्रकारचा होता, एवढंच काय ते कारण. योग्य प्लेअरमध्ये ती फाइल पाच मिनिटांत चालली. उरलेली दुपार गेली नको ते काढण्यात आणि त्यांच्या मुलीच्या फोनवरून बँकेचे पासवर्ड बदलण्यात. नुकसान झालं नाही, पण ते कोणत्या नुकसानाच्या उंबरठ्यावर होते हे पासवर्ड बदलताना त्यांच्या लक्षात आलं.

मुळात कोडेक लागतच नाही

आता आजचा मुख्य मुद्दा. आपल्याला कोडेक नको असतो, चांगला प्लेअर हवा असतो.

व्हीएलसी हा प्लेअर बहुतेक कोडेक स्वतःच्या पोटात घेऊन येतो, विंडोजमध्ये वेगळं काही बसवत नाही. १९९६ मध्ये पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून तो सुरू झाला, २००१ पासून मुक्त परवान्याखाली आहे, आणि व्हिडिओलॅन ही ना-नफा संस्था तो सांभाळते. जाहिराती नाहीत, पैसे नाहीत. जुन्या व्हीसीडीतली 'डॅट' फाइल, डीव्हीडी, एक्सव्हिडची एव्हीआय, फोनचा एच.२६५, सगळं त्यात चालतं. एमपीव्ही हाही असाच चांगला प्लेअर आहे. दोघांच्याही आत एफएफएमपेग नावाच्या मुक्त प्रकल्पाचं काम आहे, ज्याची सुरुवात फाब्रिस बेलार याने २००० साली केली.

के-लाइटसारखे कोडेक पॅक खरे असतात, पण ते विंडोजच्या आत शिरून सगळ्याच प्रोग्रॅमची सोय बदलतात. व्हिडिओ संपादन करणाऱ्याला एखाद वेळी त्यांची गरज पडते. नाटक बघणाऱ्याला नाही. शिवाय त्यांच्या नावाच्या नकला खूप आहेत.

खरं दारच बंद झालं तर?

इथे आपल्या देशातली एक गोष्ट सांगायलाच हवी. फेब्रुवारी २०२२ पासून व्हीएलसीची मूळ वेबसाइट भारतात अनेक इंटरनेट कंपन्यांच्या जोडणीवर उघडेनाशी झाली. ती सरकारी आदेशाने रोखली गेली होती, आणि कारण जाहीर केलेलं नव्हतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये व्हिडिओलॅनने इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली, आणि नोव्हेंबरच्या मध्यावर बंदी उठली. मधल्या नऊ महिन्यांत काय झालं असेल याचा विचार करा. प्रोग्रॅम वापरायला बंदी नव्हती, फक्त मूळ दार बंद होतं. मग लोक बाजूच्या गल्लीतून आत जाणार, म्हणजे कुठल्यातरी तिसऱ्याच वेबसाइटवरून फाइल घेणार.

त्याच एप्रिलमध्ये सिमँटेक कंपनीने एक अहवाल दिला होता. 'सिकाडा' नावाने ओळखली जाणारी हॅकरांची टोळी खरा, शुद्ध व्हीएलसी घेऊन त्याच्या शेजारी स्वतःची एक विषारी फाइल ठेवत होती. व्हीएलसी सुरू झाला की तो शेजारची फाइल आपलीच समजून उघडत असे. यात व्हीएलसीची चूक नव्हती. पण आपल्यासाठी धडा असा की कोणी झिप करून दिलेला 'पोर्टेबल व्हीएलसी' घेऊ नये, मुख्य फाइल खरी असली तरीही.

आणि मूळ दारसुद्धा कधी फुटतं. मे २०१७ मध्ये हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या चांगल्या प्रोग्रॅमच्या एका सर्व्हरमध्ये चोर शिरले. २ ते ६ मे या काळात ज्यांनी मॅकसाठीची प्रत तिथून उतरवली, त्यांना प्रोटॉन नावाचा ट्रोजन मिळाला. सुरू केल्यावर तो काय म्हणायचा माहीत आहे? जास्तीचे कोडेक बसवायचे आहेत, संगणकाचा पासवर्ड द्या. पॅनिक या सॉफ्टवेअर कंपनीचा संस्थापक स्टीव्हन फ्रँक, म्हणजे या धंद्यातला मुरलेला माणूस, त्यानेही पासवर्ड दिला. कंपनीच्या प्रोग्रॅमचा मूळ सोर्स कोड चोरीला गेला आणि खंडणीची मागणी आली. फ्रँकने हे स्वतः जाहीर लिहिलं, म्हणून इतर सावध झाले.

आता करायचं काय, क्रमाने

पहिलं. कोडेक बसवा असं व्हिडिओ किंवा वेबसाइट स्वतः सांगत असेल, तर ते खोटं समजा. काही फायलींत दहा सेकंदांचीच चित्रफीत असते आणि तिच्यात लिहिलेलं असतं, 'पूर्ण बघण्यासाठी हा प्लेअर घ्या'. काही डब्ल्यूएमव्ही फायली उघडल्याबरोबर ब्राउझर उघडतात, ही युक्ती २००५ पासूनची आहे. फाइल पुसून टाका.

दुसरं. विंडोजमध्ये फाइलचं पूर्ण नाव दिसू द्या. फोल्डरच्या 'व्ह्यू'मध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करा. 'नाटक डॉट एमपी४ डॉट ईएक्सई' अशी फाइल नाटक नसते. विंडोज शेवटचे शब्द लपवतं, म्हणून ती नाटकासारखी दिसते. फोनवर हाच प्रकार 'एपीके'चा. लग्नाचं निमंत्रण किंवा व्हिडिओ म्हणून एपीके आली तर ती उघडायची नाही, पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी. त्याचं व्हॉट्सॲप दुसरं कोणी चालवत असू शकतं.

तिसरं. प्लेअर घ्यायचा तर शोधयंत्रातल्या जाहिरातीवर क्लिक न करता पत्ता स्वतः टाइप करा. व्हीएलसीचा पत्ता आहे व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग, म्हणजे 'व्हिडिओ' आणि त्याला जोडून 'एल-ए-एन'. हँडब्रेकचा आहे हँडब्रेक डॉट एफआर. फोनवर प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधून घ्या आणि बनवणाऱ्याचं नाव ॲप स्टोअरवर 'व्हिडिओलॅन' आणि प्ले स्टोअरवर 'व्हिडिओलॅब्स'च आहे ना ते बघा.

चौथं. उतरवलेली फाइल उघडण्याआधी तपासा. विंडोजमध्ये तिच्यावर उजवं क्लिक करा, 'प्रॉपर्टीज', मग 'डिजिटल सिग्नेचर्स'. तिथे व्हिडिओलॅनचं नाव असायला हवं. तो टॅबच नसेल किंवा भलतंच नाव असेल तर फाइल फेकून द्या. अजून खात्री हवी असेल तर हॅश तपासा. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा, एक बाइट बदलला तरी तो पूर्ण बदलतो. व्हीएलसीच्या डाउनलोडच्या पानावर तो दिलेला असतो. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये इंग्रजीत 'गेट', आडवी रेघ, मग जोडून 'फाइलहॅश' असं टाइप करा, एक जागा सोडा, फाइल ओढून त्या खिडकीत टाका आणि एंटर दाबा. आलेली लांब ओळ पानावरच्या ओळीशी जुळली पाहिजे. चोर मूळ सर्व्हरवरच शिरला असेल तर पानावरचा ठसाही तो बदलू शकतो, हे खरं. पण हँडब्रेकच्या वेळी खऱ्या आणि खोट्या प्रतीत फरक करण्यासाठी हाच ठसा कामी आला.

पाचवं. व्हिडिओ चालवायला प्रशासकाचा पासवर्ड लागत नाही. नवीन प्रोग्रॅम बसवताना विंडोज परवानगी मागतं ते ठीक. पण बसवून झाल्यावर, व्हिडिओ बघताना किंवा रूपांतर करताना कोणी पासवर्ड मागितला तर थांबा.

सहावं. प्लेअर अद्ययावत ठेवा. मे २०१७ मध्येच चेक पॉइंट कंपनीने दाखवून दिलं होतं की व्हीएलसी, कोडी यांच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये सबटायटलच्या फाइलमधूनही शिरता येत होतं. नव्या आवृत्तीत ते बंद केलं गेलं.

आधीच काही बसवून झालं असेल तर

आधी इंटरनेट तोडा. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड त्या संगणकावरून बदलू नका, दुसऱ्या स्वच्छ फोनवरून बदला. मग विंडोज सिक्युरिटीमधलं 'ऑफलाइन स्कॅन' चालवा. भारत सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून मोफत सफाईची साधनं देतं. खात्यातून पैसे गेले असतील तर एक तासही न दवडता १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. उशीर जितका कमी, पैसे अडवले जाण्याची शक्यता तितकी जास्त.

शेवटचं काम पाठवणाऱ्यांसाठी. घरच्यांना लग्नाचा किंवा नाटकाचा व्हिडिओ पाठवणार असाल, तर आधी हँडब्रेकमध्ये एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज असलेला एमपी४ करून घ्या. आयफोन असेल तर कॅमेऱ्याच्या 'फॉरमॅट्स'मध्ये 'मोस्ट कंपॅटिबल' निवडा. फाइल थोडी मोठी होईल, पण ती जुन्या टीव्हीवरही चालेल, आणि तुमच्या काकांना रात्री अकरा वाजता कोडेक शोधत बसावं लागणार नाही.

भेटू पुढच्या भागात.